तीनशेच्या आतला खेळ

पेंटबॉलच्या मैदानात उतरण्याआधी प्रत्येकाला आपला मार्कर (रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक) क्रोनोग्राफसमोर धरावा लागतो. सुटलेली गोळी सेकंदाला किती फूट जाते, तेवढंच ते यंत्र सांगतं. 300 ही कमाल मर्यादा. पुष्कळ मैदानं तर 280 वरच हात आखडतात. तीन ग्रॅमची गोळी 300 च्या वेगानं आली तर साडेबारा ज्यूल ऊर्जा घेऊन अंगावर आदळते, त्यामुळे या नियमात सूट मिळत नाही. आकडा मर्यादेत आला की लोक खुशीत पुढे सरकतात. एकच आकडा पाहून मला कधी समाधान वाटलं नाही. ओळीनं आठ-दहा गोळ्या मारून पाहाव्यात, मग मार्कर बोलायला लागतो.

इथे न्यू जर्सीत भाच्यानं जुना ऑटोकॉकर मार्कर मिळवला, तो असा बोलका निघाला. 271, 258, 279, 262.

"मामा, सरासरी तर ठीक येतेय की!"

"सरासरीची गोळी कुणाला लागत नाही, बाळा."

280 नं सुटलेली आणि 260 नं सुटलेली, अशा दोन गोळ्यांत तीस मीटरवर जवळजवळ वीतभराचा फरक पडतो. नेम तोच, हात तोच, पण एक छातीवर फुटते आणि दुसरी समोरच्या ओंडक्यावर. शिवाय आकडे असे वरखाली होत असले, की सगळ्यात जोरकस गोळी मर्यादेत राहावी म्हणून सरासरी बरीच खाली ठेवावी लागते. चढउतार पाच-सहा फुटांवर आला, तर 280 च्या मैदानावर सरासरी 275 पर्यंत नेता येते. वेग वाढवायचा हा सगळ्यात सरळ मार्ग, पण पोरांना तो पटवून द्यावा लागतो.

पहिला संशय गॅसवर. मार्करसोबत कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर आलं होतं. आत द्रव असतो आणि वरच्या वायूचा दाब तापमानावर ठरतो. 21 अंशांना तो साधारण 850 पीएसआय भरतो, शून्याला जेमतेम 500. भराभर गोळ्या मारल्या की द्रवाची वाफ होताना सिलिंडर गारठतं आणि दाब बसतो. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात आचारी मोठ्या शेगडीचं सिलिंडर पाण्याच्या टबात ठेवतात, ते याच कारणानं. दाबलेल्या हवेच्या टाकीत ही भानगड नाही. आत 3,000 किंवा 4,500 पीएसआय हवा असते, द्रव नसतो, आणि तोंडावरचा रेग्युलेटर ठरलेला दाबच बाहेर सोडतो. टाकी बदलली आणि निम्मा गोंधळ मिटला.

उरलेल्या निम्म्यात एक खूण सापडली. मिनिटभर थांबून मारलेली पहिली गोळी नेहमी जोरात, पुढच्या जागेवर. थांबलेल्या वेळात मार्करच्या रेग्युलेटरवरचा काटा बघत बसलो, तर तो मुंगीच्या पावलांनी वर सरकत होता. म्हणजे आतली सीट नीट बंद होत नव्हती. टाकी काढली, राहिलेली हवा सोडून दिली आणि रेग्युलेटर उघडला. सीट म्हणजे शर्टाच्या बटणाहून लहान, कडक प्लास्टिकची चकती. तिच्यावर गोल वळ उठला होता आणि वळाला आडवा, नखाला जाणवेल न जाणवेल असा एक चरा. हवा तिथून झिरपत होती. चकती बदलली, चपट्या झालेल्या ओ-रिंगा बदलल्या, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लावलं. जास्त ग्रीस म्हणजे जास्त चिकटपणा, आणि त्यानंही आकडे नाचतात.

उलट लक्षण असतं ते भराभर मारताना प्रत्येक गोळी मागच्यापेक्षा मंद पडत जाण्याचं. तेव्हा समजावं की रेग्युलेटर बंद नीट होतोय, पण दोन गोळ्यांच्या मधे पुरेशी हवा भरत नाहीये.

मग या कामातली माझी सगळ्यात आवडती पायरी. ऑटोकॉकरमध्ये हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो आणि क्षणभर हवा सुटते. हॅमरची स्प्रिंग न हलवता रेग्युलेटर थोडा थोडा उघडत गेलं, की वेग आधी वाढतो. पुढे एका जागी वाढ थांबते आणि त्यानंतर दाब वाढवला तरी वेग उतरू लागतो, कारण वाढलेला दाब हॅमरला दाद देत नाही, व्हॉल्व्ह लवकर मिटतो. ते पठार शोधायचं. तिथे दाब थोडा कमीजास्त झाला तरी वेग हलत नाही. पठारावरचा वेग मर्यादेबाहेर असेल तर मागचा स्क्रू फिरवून स्प्रिंग सैल करायची आणि चढण पुन्हा पहिल्यापासून. एका हातात ॲलन की, दुसऱ्यात कागद-पेन्सिल. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे.

या खेळाचा पहिला डाव 1981 मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकरच्या रानात बारा जणांनी खेळला, तो झाडांवर आणि गुरांवर खुणा करायच्या नेलस्पॉट पिस्तुलांनी. चार पावलांवरच्या झाडाला ठिपका लावायचा, तर वेग दहा फूट इकडेतिकडे झाला म्हणून कोण विचारणार?

सगळं झाल्यावरही आकड्यांत बारीक उड्या राहिल्या, तेव्हा नजर गोळ्यांकडे वळली. गोळीचं कवच जिलेटिनचं, दमट हवेत ते फुगतं. मुंबईच्या पावसाळ्यात या गोळ्यांचं पाकीट उघडं राहिलं तर काय होईल, याची कल्पनाच करवत नाही. नळी मोकळी काढून गोळी आत टाकायची. ती आपोआप घरंगळून गेली तर नळी सैल, हवा बाजूनं निसटणार. अडकून बसली आणि फुंकर मारली की निघून गेली, तर जोडी जमली. आमच्या पाकिटातल्या काही गोळ्या घरंगळत होत्या, काही अडकत होत्या. दुसरं सीलबंद पाकीट फोडलं, त्याला बसणारी अरुंद नळी लावली.

276, 273, 275, 277, 274. भाच्यानं आकड्यांचा फोटो काढला आणि तो रांगेत उभा राहायला पळाला.