मनगटाची साक्ष आणि मामुर्डीचे मैदान

आशियाई फुटबॉल महासंघाने १९८५ साली कतारमध्ये ज्या कुमार अजिंक्यपद स्पर्धेची मुहूर्तमेढ रोवली, ती आमच्या अगदी दाराशी आली ती २०१६ च्या सप्टेंबरात, गोव्यात. फातोर्डा आणि बांबोळी येथील मैदानांवर सोळा राष्ट्रांचे सोळा वर्षांखालील संघ उतरले. उपान्त्य फेरी गाठणाऱ्या चौघांना पुढील वर्षीच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात प्रवेश, असा दंडक असल्यामुळे अंतिम सामन्याहून उपउपान्त्य सामन्याचीच धास्ती मुलांना अधिक असे. त्या विश्वचषकाचा यजमान म्हणून भारताचे त्यातील स्थान आधीच मुक्रर होते. तरीही संयुक्त अरब अमिरातीकडून ३-२ असा पराभव, सौदी अरेबियाशी ३-३ अशी बरोबरी आणि इराणकडून ३-० अशी हार पत्करून आपला संघ गटातच थांबला. अजिंक्यपद इराकने पेनल्टींवर इराणकडून हिरावून घेतले.

या स्पर्धेचे सर्वांत विलक्षण अंग म्हणजे वयाची खातरजमा. १ जानेवारी २००० ही त्या वर्षीची सीमारेषा; ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री जन्मलेला मुलगा कितीही गुणी असला तरी अपात्र. परंतु जन्माचा दाखला हा अखेर कागदच. म्हणून खेळाडूच्या मनगटाचे एमआरआय चित्रण करून हाडालाच साक्षीला बोलावण्याची पद्धत या वयोगटात रूढ झाली. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. वय वाढते तशी ती क्रमाक्रमाने हाडात मिसळून जाते, आणि या विलीनीकरणाच्या सहा पायऱ्या वैद्यांनी ठरविल्या आहेत. सहावी पायरी, म्हणजे कूर्चेची खूणही न उरणे, ही सतरा वर्षांच्या आत क्वचितच दिसते. क्ष-किरणांचा उपसर्ग नसल्यामुळे निरोगी मुलांची अशी तपासणी करण्यास हरकत उरत नाही. कागदात फेरफार करणाऱ्यांना या पद्धतीने पायबंद घातला, हे तिचे ऋण मी मोकळ्या मनाने मानतो.

मात्र पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्याला जन्मदाखल्याची दुसरी बाजूही दिसते. ज्याचे वडील लातूरहून किंवा बिहारमधून भोसरीच्या वा महाळुंग्याच्या कारखान्यात कामाला आले, त्या मुलाची जन्मनोंद दूरच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात. ती तेथे उशिराने झालेली, कधी नाव एका अक्षराने चुकलेले, कधी शाळेतल्या तारखेशी तिचा मेळ नाही. दुरुस्तीसाठी बापाने पाळी बुडवून गावी जावे, तोवर निवडचाचणीची मुदत टळून जाते. मनगट निर्दोष असूनही कागदापायी मागे राहणाऱ्या अशा मुलांची मला फार काळजी वाटते.

हा पट्टा फुटबॉलला सर्वस्वी अनोळखी नाही. मुळेच्या एका काठाला वाकड, दुसऱ्या काठाला बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. तेथे २०२२ साली महिलांच्या आशियाई चषकाचे सामने झाले. शहराच्या सीमेवरील मामुर्डीच्या मैदानावर, २००७ साली स्थापन झालेल्या पुणे एफसीची कुमार अकादमी चाले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, एका रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत घडला, पुणे एफसीच्या कुमारांत खेळला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत उभा राहिला. ज्या कोल्हापुरात तालमींच्या संघांसाठी पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात, तेथल्या मुलालाही पुढची पायरी चढण्यास पुण्याला यावे लागले, यावरून अकादमीचे मोल कळते.

पुढे पुणे एफसी मावळली, २०१९ साली एफसी पुणे सिटी हा शहराचा दुसरा क्लबही बंद झाला. मोटारींचा एकेक सुटा भाग बिनचूक घडविणाऱ्या या औद्योगिक नगरीला एक फुटबॉल संस्था चिरस्थायी करता येऊ नये, हे मला मान्य होत नाही. कारण येथे उणीव मुलांची नाही, की मैदानी हौसेचीही नाही. २०१८ साली मलेशियात याच आशियाई कुमार अजिंक्यपद स्पर्धेत गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखालील भारतीय कुमारांनी व्हिएतनामला नमविले, इराण आणि इंडोनेशियाला बरोबरीत रोखले आणि उपउपान्त्य सामन्यात दक्षिण कोरियाकडून केवळ एका गोलाने हार पत्करली; तो सामना जिंकला असता तर यजमानपदाच्या सवलतीवाचून, स्वतःच्या पायांनी, भारत विश्वचषकात पोहोचला असता. इतक्या जवळ गेलेल्या संघाच्या मागे प्रत्येक मोठ्या शहरात अकादमी हवी, आणि मामुर्डीसारखी मैदाने शोधण्याचे काम पिंपरी-चिंचवडने नव्याने हाती घ्यावयास हवे. दाखल्यांच्या दुरुस्तीसाठी मुलांच्या शाळेतच एखादे शिबिर भरवले, तर त्या कामाचा अर्धा भार तेथेच हलका होईल.