मानवी सूक्ष्मजीवसमूह आणि बीजांडकोशाची अकाली अकार्यक्षमता

मानवी त्वचा, मुख, आतडी व जननमार्ग यांत असंख्य सूक्ष्मजीवांचे कायम वास्तव्य असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार प्रौढ शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात. या सूक्ष्मजीवांचा स्त्रियांच्या बीजांडकोशाशी काय संबंध आहे, हा अलीकडच्या संशोधनाचा विषय होय.

मुलीच्या जन्मवेळी बीजांडकोशांत साधारणतः १० ते २० लाख अपक्व बीजे असतात. हा साठा वयानुसार घटत जातो. ४० वर्षांच्या आतच बीजांडकोशाचे कार्य मंदावल्यास त्यास अकाली अकार्यक्षमता म्हणतात. टर्नर सिंड्रोम, स्वप्रतिकार विकार, केमोथेरपी ही त्याची काही ज्ञात कारणे आहेत. मात्र अनेक स्त्रियांत कारण सापडत नाही. म्हणूनच संशोधकांचे लक्ष सूक्ष्मजीवांकडे वळले.

यकृत इस्ट्रोजेनला निष्क्रिय रूप देऊन पित्तावाटे आतड्यात सोडते. तेथील काही जीवाणू बीटा-ग्लुकुरोनिडेज या विकराच्या साहाय्याने त्यास पुन्हा मुक्त करतात व त्याचा काही भाग रक्तात परततो. या कार्याशी संबंधित जीवाणू-जनुकांच्या समूहास २०११ मध्ये 'इस्ट्रोबोलोम' असे नाव देण्यात आले.

अशा रुग्ण स्त्रियांच्या आतड्यांतील जीवाणूंचे प्रमाण निरोगी स्त्रियांपेक्षा वेगळे असल्याचे काही लहान अभ्यासांत आढळले. परंतु यावरून जीवाणूंमुळे आजार झाला असे सिद्ध होत नाही. उलट क्रमही संभवतो. योनिमार्गाचे उदाहरण पाहावे. तेथे इस्ट्रोजेनमुळे ग्लायकोजेन साठते व त्यावर लॅक्टोबॅसिलस जीवाणू पोसले जातात. इस्ट्रोजेन घटले की तेही घटतात. येथे संप्रेरकातील बदल आधी व जीवाणूंतील बदल नंतर घडतो.

हा भेद वर्गात स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण त्याचे परिणाम व्यवहारात दिसतात. दही किंवा प्रोबायोटिक गोळ्यांनी संपलेला बीजसाठा भरून येतो, यास पुरावा नाही. चाळिशीच्या आत पाळी अनेक महिने बंद राहिल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तपासणी करून घ्यावी. इस्ट्रोजेनच्या दीर्घ अभावाने हाडे ठिसूळ होतात व हृदयविकाराचा धोका वाढतो. योग्य संप्रेरक उपचारांनी हाडांची ही झीज बऱ्याच अंशी टाळता येते. संकोचापोटी गमावलेली वर्षे मात्र परत मिळत नाहीत.