आरसी विमानाची मोटर का तापते? मोटर बसवण्याची आणि थंड ठेवण्याची योग्य पद्धत

गेम खेळताना फोन तापला की तो आपोआप स्लो होतो, म्हणजे स्वतःला वाचवतो. आरसी विमानातली ब्रशलेस मोटर असं काही करत नाही. थ्रॉटल दिला की ती फिरत राहते, अगदी जळेपर्यंत! म्हणून काळजी मोटर बसवतानाच घ्यायची.

किती उष्णता होते?

3 सेलची लायपो बॅटरी म्हणजे 11.1 व्होल्ट. मोटर 20 अँपिअर करंट घेत असेल तर झाले 222 वॉट. त्यातले 80 टक्के कामाला लागले तरी सुमारे 44 वॉटची उष्णता होते. साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं, यावरून अंदाज घ्या. करंट दुप्पट झाला तर वायंडिंगमधली उष्णता चौपट होते. म्हणूनच गरजेपेक्षा मोठा प्रोपेलर लावला की मोटर लगेच तापते.

साध्या ग्रेडचे निओडिमियम मॅग्नेट 80 अंश सेल्सिअसच्या वर गेले तर त्यांची ताकद कायमची कमी होऊ शकते. मग मोटर जास्त करंट ओढते आणि आणखी तापते.

मोटर बसवताना

- स्क्रूची लांबी: जास्त लांब स्क्रू आत जाऊन वायंडिंगला टेकतो आणि मोटर शॉर्ट होते. आधी मोजा, मग कसा.
- फिरणारा भाग: आउटरनर मोटरचं बाहेरचं कव्हरच फिरतं. वायर त्याला घासणार नाही अशी बांधून घ्या.
- आधार: मोटर थेट फोमवर नको, प्लायवुडच्या फायरवॉलवर घट्ट बसवा.
- कोन: प्रोपेलरमुळे विमान डावीकडे ओढलं जातं. म्हणून बऱ्याच मॉडेलमध्ये मोटर 2-3 अंश उजवीकडे आणि थोडी खाली वळवतात. स्क्रूखाली वॉशर टाकून हे जमतं.

हवेला वाट द्या

खोलीची एकच खिडकी उघडली तर वारा खेळत नाही. इथंही तसंच आहे. नुसतं नाकावर छिद्र पाडून उपयोग नाही, हवा बाहेर पडायलाही वाट हवी. बाहेरची वाट आतल्या छिद्राच्या साधारण दुप्पट ठेवा. ईएससीसुद्धा याच हवेच्या वाटेत बसवा, कारण तोही तापतो.

उडवून बघा

पहिलं उड्डाण दोन मिनिटांचंच करा. उतरल्यावर आधी बॅटरी काढा आणि मगच मोटरला बोट लावा. तीन-चार सेकंद बोट ठेवता येत नसेल तर प्रोपेलर छोटा करा किंवा हवेची वाट वाढवा. आणि हो, घरात मोटर फिरवून बघायची असेल तर प्रोपेलर काढूनच. बोटांना स्पेअर पार्ट मिळत नाहीत!