मुदत संपलेली औषधे आणि नर्सिंग होमचे कपाट

पावसाळा लागला की मुखेड भागात पेरणीच्या कामांबरोबर सर्पदंशाचे रुग्णही वाढतात. मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील सर्पदंश उपचारांचा आपला दहा वर्षांचा अनुभव २००५ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'त मांडला होता. अशा भागातील नर्सिंग होमला सर्पविषावरील इंजेक्शन, म्हणजेच प्रतिविष, वर्षभर जवळ ठेवावे लागते. रोजची तापाची गोळी आपोआप खपते. परंतु क्वचित लागणारे, जीव वाचविणारे औषध कपाटातच मुदतबाह्य होण्याची भीती अधिक असते.

मुदत म्हणजे काय, हे प्रथम पाहू. वेष्टनावर केवळ महिना व वर्ष छापलेले असेल तर औषध त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत वापरता येते. मात्र लेबलावर सांगितलेल्या तापमानात ते ठेवलेले असले पाहिजे. द्रवरूप प्रतिविषाला २ ते ८ अंश सेल्सिअसचा थंडावा लागतो. आपल्याकडील उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेले औषध तारखेआधीच निकामी होऊ शकते.

साठा लावताना ज्याची मुदत आधी संपते ते पुढे व उशिरा संपते ते मागे ठेवावे. नोंदवहीत औषधाचे नाव, बॅच क्रमांक, नग व मुदत लिहावी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कपाट तपासावे. तीन महिन्यांत मुदत संपणाऱ्या औषधांवर लाल खूण करून ती बदलून मिळतात का, हे वितरकाला विचारावे. मे महिन्यात प्रतिविष आवर्जून मोजावे. विषारी दंशाच्या एका रुग्णाला सुरुवातीलाच साधारणतः ८ ते १० कुप्या लागतात. त्यातील निम्म्या मुदतबाह्य निघाल्या तर ऐन रात्री नांदेडची वाट धरावी लागेल.

मुदत संपलेला माल वेगळ्या खोक्यात 'विक्रीसाठी नाही' असे लिहून ठेवावा, हा नियम औषध दुकानांसाठी आहे. नर्सिंग होमनेही तसेच करणे हिताचे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार अशी औषधे पिवळ्या पिशवीत जातात. ती कंपनीकडे परत पाठवावीत किंवा अधिकृत केंद्रात जाळण्यासाठी द्यावीत. गटारात वा उकिरड्यावर टाकू नयेत. तेथे मुले, जनावरे व कचरा वेचणारी आपलीच माणसे फिरतात.

विद्यार्थी मित्रांना आमची एकच विनंती आहे. इंजेक्शन देण्यापूर्वी कुपीवरील तारीख दाखवा, असे नम्रपणे म्हणावे. ज्यांना ती इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत, अशा आई-वडिलांसाठी व शेजाऱ्यांसाठी ती आपण वाचावी. आपल्या शिक्षणाचा तेवढा उपयोग घरच्यांना झालाच पाहिजे.