तोंड घालणे

‘मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये’ हे वाक्य न ऐकता मराठी घरात क्वचितच कुणी मोठे होते. या वाक्प्रचाराची सोयरीक मात्र पाहण्यासारखी आहे. मांजर दुधात तोंड घालते, सुटलेले गुरू परक्याच्या वैरणीत तोंड घालते. म्हणजे ‘जे तुझे नाही त्यात तू शिरलास’ हा आरोप क्रियापदातच आहे. बोलणे कुणाच्या तरी मालकीचे असते, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

मालक कोण, हे वापरावरून कळते. सासऱ्यांचे बोलणे सुनेने तोडले, तर तिने ‘तोंड घातले’. सासऱ्यांनी तिचे तोडले, तर त्यांनी तिला ‘टोकले’. शिक्षक विद्यार्थ्याला ‘हटकतात’. कृती एकच, पण धाकट्याच्या वाट्याला आगळीक येते आणि थोरल्याच्या वाट्याला अधिकार. ‘मोडता घालणे’, ‘खो घालणे’ यांचा रोख निदान बेतावर असतो. ‘तोंड घालणे’ थेट माणसावर येते.

अमेरिकेत डॉन झिमरमन आणि कँडेस वेस्ट यांनी 1975 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्त्री-पुरुषांच्या 11 संभाषणांत बोलणे तोडण्याचे 48 प्रसंग मोजले. त्यांतले 46 पुरुषांचे होते. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हे प्रमाण टिकले नाही. पण बोलणे कोण तोडतो हे मोजता येते, हे त्यातून दिसले.

मध्ये बोलणे नेहमी वाईटच, असेही नाही. पोवाड्यात झीलकऱ्यांच्या ‘जी जी’वाचून शाहिराला रंग चढत नाही. वगात सोंगाड्या राजालाही मध्येच अडवतो आणि प्रेक्षक त्याचीच वाट पाहत असतात. तिथे हलक्या माणसाला तोडून बोलण्याचा परवाना आहे. वेशीबाहेर तंबूत मिळणारा हा परवाना वाड्यात मात्र मिळत नाही.

म्हणून हा केवळ शब्दांचा खेळ नाही. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्रात पुढे त्या निम्म्या झाल्या. ग्रामसभेच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या सरपंचबाईंनी हिशेब विचारला आणि कुणी म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही मध्ये तोंड घालू नका’, तर कायद्याने दिलेली खुर्ची एका वाक्प्रचाराने रिकामी होते. अशा वेळी एवढेच विचारावे : बोलणे नेमके कुणाचे चालले होते?