‘अतीत’ म्हणजे कशाच्या पलीकडे?

‘ट्रान्सेंडन्स’ या शब्दाला मराठीत अतीतता, लोकोत्तरता, अतिक्रमण असे पर्याय वापरले जातात. वर्गात शिकवताना मी प्रथम त्याचे मूळ सांगतो. लॅटिनमध्ये ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘स्कांदेरे’ म्हणजे चढणे. चढून पलीकडे जायचे, तर समोर भिंत आहे हे आधी मान्य करावे लागते. आपल्या समीक्षेला नेमका याचाच विसर पडतो.

कांटने १७८१ साली दोन गोष्टी वेगळ्या केल्या. अनुभवाच्या सीमेपलीकडे जाऊ पाहणारे विचार एकीकडे. आणि मुळात अनुभव ज्या अटींमुळे शक्य होतो, त्या अटींचा शोध दुसरीकडे. दलित लेखकाला ‘जातीच्या पलीकडे जाऊन लिहा’ असे सांगणारे पहिल्या अर्थावरच थांबतात. जात कोणत्या अटींवर उभी आहे, हे तपासण्याचे कष्ट ते घेत नाहीत.

पालीतील ‘लोकुत्तर’ हा शब्द याहून काटेकोर आहे. चार मार्ग, चार फळे आणि निर्वाण अशा नऊ गोष्टींना तो लागतो. पहिल्याच मार्गावर कोणती तीन बंधने तुटतात, तेही सांगितलेले आहे. कर्मकांडाला चिकटून राहणे हे त्यांतले एक. काय ओलांडायचे याविषयी तेथे संदिग्धता नाही. मराठीत मात्र ‘लोकोत्तर’ हे थोर पुरुषांना लावायचे नुसते विशेषण होऊन बसले.

भक्तीने चोखामेळा जातीच्या अतीत झाला, असे सांगितले जाते. पण त्याची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर आहे, आणि त्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. शब्दाने ओलांडलेली पायरी पायांना शतकानुशतके ओलांडता आली नाही.

आता ‘अतिक्रमण’ पाहा. तत्त्वज्ञाने केले तर ती आत्म्याची उंची. गायरान कसणाऱ्या भूमिहीनाने केले तर महसूल खात्याची नोटीस. १९६४ साली रिपब्लिकन पक्षाच्या भूमिहीन सत्याग्रहात माणसे तुरुंगात गेली, ती या दुसऱ्या अर्थाच्या अतिक्रमणाचा हक्क मागत.

म्हणून हा शब्द टाकून द्यावा, असे मी म्हणत नाही. तो वापरणाऱ्याला एवढेच विचारावे : भिंत कोणती, ती बांधली कोणी, आणि आपण तिच्या कोणत्या बाजूला उभे राहून बोलत आहात?