पाळणे मोजणारे हे कोण?

मोहाडी तालुक्यातील करडी या गावी मागे आम्ही एका कार्यक्रमासाठी गेलो होतो. त्रिशरण-पंचशील झाले, भाषणे झाली, जेवणे आटोपली. निघताना शेजारच्या खेड्यातून आलेली एक भगिनी पुढे आली आणि हळूच म्हणाली, "वकीलसाहेब, मले पंचायतीत उभं राहाचं आहे जी. पण तिसरं लेकरू आहे. फारम बाद होईल का?"

आम्हाला सांगावे लागले, होय ताई, होईल. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल तर आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्याने ती व्यक्ती सदस्यत्वाला अपात्र ठरते. हरियाणाच्या अशाच कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जावेद प्रकरणात वैध ठरवले आहे. दोन मुलींवर मुलगा हवा होता तो सासूला आणि नवऱ्याला. अपात्र झाली ती ही बाई!

आता दुसरे चित्र पाहा. १ डिसेंबर २०२४ रोजी याच विदर्भात, नागपूरला, सरसंघचालक मोहन भागवत यांनी जननदर २.१ च्या खाली जाणारा समाज नष्ट होतो, म्हणून दोनपेक्षा जास्त, तीन अपत्ये हवीत, असे सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीत त्यांनी त्याचीच री ओढली. आम्ही विचारतो, तीन मुलांचा हा उपदेश कोणासाठी? व्यासपीठावरून तीन मुले मागायची आणि खेड्यातल्या गरीब बाईने तिसरे जन्माला घातले की तिची खुर्ची काढून घ्यायची, हा कोणता न्याय? आंध्र प्रदेशने अशी अट नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेत रद्द केली. महाराष्ट्रातील तीन मुलांच्या प्रचारकांनी या अटीविरुद्ध किती आंदोलने केली?

या उपदेशामागे एक भीती पेरलेली आहे. 'ते' वाढत आहेत, 'आपण' घटत आहोत! सरकारचेच आकडे या भीतीला उघडे पाडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मुस्लिम समाजाचा जननदर १९९२-९३ मध्ये ४.४१ होता, तो २०१९-२१ मध्ये २.३६ वर आला. हिंदूंचा ३.३० वरून १.९४ झाला. म्हणजे घट मुस्लिमांमध्ये अधिक वेगाने झाली. मुलगी शिकली, दवाखाना जवळ आला, लेकरे जगू लागली की पाळणे आपोआप कमी होतात. त्याला धर्म लागत नाही.

भीतीचा दुसरा भाग म्हणजे घुसखोर. १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी लोकसंख्येविषयी उच्चाधिकार मिशनची घोषणा केली तीही घुसखोरांचेच नाव घेऊन. बेकायदा प्रवेशावर कायद्याने कारवाई व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण कागद नसणे म्हणजे परका असणे नव्हे. घरी जन्मलेल्या म्हाताऱ्यांकडे, भटक्यांकडे, वीटभट्टीवरच्या मजुरांकडे जन्माचा दाखला कुठून येणार? गडचिरोली-चंद्रपूरकडे वसवलेल्या बंगाली निर्वासितांत नमःशूद्र मोठ्या संख्येने आहेत. १९४६ साली जोगेंद्रनाथ मंडल आणि याच समाजाच्या बळावर बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेत गेले, हे आम्ही विसरलो काय? आणि स्थलांतरित म्हणजे फक्त 'ते'च काय? २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, भंडारा जिल्ह्याची सहा टक्केही नाही. धानाच्या शेतीवर पोट भरत नाही म्हणून आमची पोरे नागपूर, पुणे, हैदराबाद गाठतात. तिथे परकी ठरतात ती आमचीच पोरे!

खरे दुःख पुढेच आहे. हीच भाषा आता आमच्यातील काही मंडळीही बोलू लागली आहेत. त्याच सर्वेक्षणात बौद्धांचा जननदर १.३९, म्हणजे सर्व धर्मसमूहांत सर्वांत कमी. २००१ ते २०११ मध्ये देशातील बौद्धांचे प्रमाण ०.८ वरून ०.७ टक्क्यावर आले. तेव्हा 'आपणही मुले वाढवा' असा सल्ला विहाराविहारांतून ऐकू येतो. आम्ही नम्रपणे पण ठामपणे सांगतो, हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हे. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली. नोव्हेंबर १९३८ मध्ये संततिनियमनाच्या साधनांचा प्रसार सरकारने करावा, हा त्यांचा ठराव पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. पण आईच्या देहाची आणि लेकराच्या भाकरीची काळजी हीच त्यामागची भूमिका होती. गर्दी वाढवणे ही नव्हती.

आणि संख्येचेच म्हणाल तर १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भागात बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. १९६१ मध्ये झाले सुमारे २८ लाख! हे काय पाळण्यांनी झाले? १४ ऑक्टोबर १९५६ च्या विचाराने झाले. आमची संख्या बाळंतिणीच्या खोलीत नव्हे, दीक्षाभूमीवर वाढली. तेव्हा घटत्या टक्क्याची चिंता असेल तर येत्या २०२७ च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात न लाजता 'बौद्ध' लिहा, शेजारच्या घरालाही लिहायला सांगा. प्रत्येक लेकराचा जन्म वेळेत नोंदवा. पोरगी शिकवा.

त्या भगिनीला आम्ही कायदा सांगून परतलो, उत्तर मात्र देता आले नाही. किती मुले, हे तिनेच ठरवायचे आहे. नागपूरने नाही, दिल्लीने नाही, सासूने नाही आणि आम्हीही नाही. मूल मोजून बाईला पंचायतीबाहेर काढणारी ही अट रद्द करा, ही मागणी आता चळवळीनेच हाती घेतली पाहिजे.

जयभीम!